उत्कृष्ट विद्यापीठ कशावरून ओळखावे? विदर्भातील एका पालकांना उत्तर

यवतमाळ जिल्ह्यातील एका शेतकरी पालकांनी विचारले आहे की, त्यांची मुलगी यंदा बारावी विज्ञान शाखेत चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली असून तिला पुढे रसायनशास्त्र शिकायचे आहे. नातेवाईक म्हणतात की विद्यापीठ चांगले हवे असेल तर पुण्या-मुंबईलाच पाठवा. तेव्हा उत्कृष्ट म्हणावे असे विद्यापीठ नेमके कशाने होते, ते सामान्य पालकाने कसे ओळखायचे, आणि खेड्यापाड्यांच्या या मुलखात तसे विद्यापीठ असू शकते की नाही. पश्चिम विदर्भातील एका ग्रामीण वरिष्ठ महाविद्यालयात मी सुमारे तीन दशके रसायनशास्त्र शिकवले, विद्यापीठाच्या अभ्यास मंडळावर आणि विद्या परिषदेवर काम केले, आणि संलग्नतेच्या व मूल्यांकनाच्या समित्यांबरोबर या भागातील अनेक महाविद्यालये आतून पाहिली. त्या अनुभवाच्या आधारे हे उत्तर लिहीत आहे.

माझे मत आधीच सांगतो. ज्या विद्यापीठातील शिक्षक स्वतः एखाद्या न सुटलेल्या प्रश्नावर काम करीत असतात, त्या कामात विद्यार्थ्याला हाताशी घेतात, आणि विद्यार्थ्याने लिहिलेले पान वाचून ‘हे कशावरून म्हणता?’ असे विचारतात, त्या विद्यापीठाला मी उत्कृष्ट म्हणतो. हे त्याच्या मुख्य परिसरात घडते की नाही, यापेक्षा त्याच्या सर्वांत लांबच्या महाविद्यालयात घडते की नाही, यावर त्याची पारख करावी. इमारती, संगणक कक्ष, करारनामे आणि प्रवेशद्वार या सगळ्यांना या कामासाठी उपयोग होत असेल तरच किंमत आहे.

क्रमवारी आणि श्रेणी यांचा प्रश्न पालक पहिल्यांदा विचारतात, म्हणून तो आधी घेतो. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय क्रमवारीची, म्हणजे एनआयआरएफची, पहिली यादी 2016 मध्ये आली. विद्यापीठांसाठी तिच्या आराखड्यात शंभरपैकी 30 गुण अध्यापन आणि साधनसामग्रीला, 30 संशोधनाला, 20 विद्यार्थ्यांच्या निकालाला व पुढील वाटचालीला, 10 समावेशकतेला आणि 10 लौकिकाला ठेवलेले आहेत. शांघायहून 2003 पासून निघणाऱ्या जागतिक यादीत माजी विद्यार्थी आणि अध्यापक यांना मिळालेल्या नोबेल व तत्सम पारितोषिकांनाच 30 टक्के भार आहे. 1994 मध्ये स्थापन झालेली नॅक ही मूल्यांकन संस्था विद्यापीठांना आणि महाविद्यालयांना सात निकषांवर श्रेणी देत आली आहे. ही मोजमापे निरुपयोगी आहेत असे मी म्हणणार नाही. श्रेणीच्या निमित्ताने आमच्या भागातील कित्येक महाविद्यालयांत पहिल्यांदा ग्रंथालयाची यादी नीट झाली, मुलींसाठी स्वच्छतागृहे बांधली गेली, प्रयोगशाळेत वायुवीजनाचा पंखा लागला, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. परंतु या यादीतून आपल्या मुलीला मिळणारे शिक्षण दिसत नाही. शोधनिबंधांची संख्या कळते, ते निबंध कोणी वाचले आणि त्यातून वर्गात काय आले हे कळत नाही. शिक्षक किती आहेत हे कळते, ते प्रात्यक्षिकाच्या वेळी विद्यार्थ्यांच्या टेबलाजवळ उभे राहतात की नाही हे कळत नाही. शिवाय संलग्न महाविद्यालयांच्या जाळ्यातील विद्यापीठाचा क्रमांक बहुतांशी त्याच्या पदव्युत्तर विभागांच्या कामावर ठरतो, आणि आपली मुलगी बी.एस्सी.ची तीन-चार वर्षे काढणार आहे ती तालुक्याच्या महाविद्यालयात.

आपली विद्यापीठे अशी का आहेत, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते. 1810 मध्ये बर्लिनला विल्हेल्म फॉन हुम्बोल्ट यांच्या पुढाकाराने जे विद्यापीठ उभे राहिले, त्याची मूळ कल्पना अशी होती की शिकवणे आणि शोधणे ही दोन कामे एकाच माणसाने, एकाच छपराखाली करावीत. अध्यापकाला ज्याचे उत्तर अजून सापडलेले नाही, त्याच्याच पाठीमागे विद्यार्थ्यानेही लागावे. भारतात मात्र 1857 मध्ये मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे जी विद्यापीठे निघाली, ती त्या काळच्या लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर निघाली, आणि ते विद्यापीठ तेव्हा मुख्यतः परीक्षा घेऊन पदव्या देण्याचे काम करीत असे. शिकवायचे महाविद्यालयांनी, परीक्षा घ्यायची विद्यापीठाने, ही वाटणी तेव्हापासून आपल्या अंगवळणी पडली. 1923 मध्ये नागपूर विद्यापीठ स्थापन झाले, त्यातून 1983 मध्ये अमरावती विद्यापीठ वेगळे झाले, 2011 मध्ये गडचिरोली आणि चंद्रपूर या जिल्ह्यांसाठी गोंडवाना विद्यापीठ निघाले. प्रत्येक वेळी विद्यापीठ विद्यार्थ्याच्या थोडे जवळ आले, पण ही वाटणी तशीच राहिली. त्यामुळे आपल्याकडे विद्यापीठ म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर वेळापत्रक, बैठक क्रमांक, निकाल आणि गुणपत्रिका येतात. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने संलग्नतेची पद्धत पंधरा वर्षांत टप्प्याटप्प्याने संपवून महाविद्यालयांना स्वायत्तता देण्याचे म्हटले आहे. स्वायत्तता आली तरी जोपर्यंत महाविद्यालयातील शिक्षकाजवळ स्वतःचा असा एक प्रश्न नाही, तोपर्यंत फक्त परीक्षा घेणारे कार्यालय बदलेल.

स्वतःचा प्रश्न म्हणजे काय, हे आमच्याच विषयातून सांगतो. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांचा मोठा भाग खारपाणपट्ट्यात येतो. विहिरीचे आणि बोअरचे पाणी खारट असते, त्यावर ओलीत धड होत नाही, पिण्यासाठी ते वापरणाऱ्या गावांत मूत्रपिंडाच्या आजाराची चिंता पिढ्यान् पिढ्या आहे. अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प द्यायचा असतो. बहुतेक ठिकाणी हा प्रकल्प मागच्या वर्षीच्या फाईलवरून उतरवला जातो, त्याला सुरेख बांधणी होते आणि तोंडी परीक्षेत दहा मिनिटांत तो संपतो. आमच्या विभागात आम्ही असे ठरवले की प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या गावातील विहिरींचे पाणी तपासायचे. पिण्याच्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला 500 मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर 2000 पर्यंत चालते. हे पुस्तकात असते. एका विद्यार्थिनीच्या वहीत एकाच धुऱ्याच्या दोन बाजूंच्या दोन विहिरींचे आकडे आले, आणि एकाचा आकडा दुसऱ्याच्या जवळजवळ तिप्पट होता. तिने तो आकडा खोडून त्यावर सरासरी लिहिली होती, कारण तिला वाटले आपलेच चुकले.

विद्यापीठाचे काम त्या खोडलेल्या आकड्यापासून सुरू होते. आम्ही तिला विचारले की बादली किती खोल सोडली होती, मोटार आधी किती वेळ चालू होती, नमुना सकाळी घेतला की दुपारी, बाटली त्याच पाण्याने विसळली होती का, आणि दुसरी विहीर किती हात खोल आहे. यातील निम्म्या प्रश्नांची उत्तरे तिच्याकडे नव्हती. ती वैशाखात पुन्हा गेली, पोळ्यानंतर पुन्हा गेली, दोन्ही विहिरींच्या खोलीची नोंद तिने म्हाताऱ्या शेतमालकांना विचारून केली, आणि प्रत्येक नमुन्याची तपासणी तीनदा केली. आकडे वेगळेच राहिले. उथळ विहिरीत पावसाचे पाणी साचून राहत होते आणि खोल विहीर खालच्या खाऱ्या थरापर्यंत गेली होती, इतके साधे कारण त्यामागे निघाले, आणि भूजलाच्या अभ्यासकांना ते ठाऊकही होते. पण त्या मुलीला ते कोणी सांगितले नव्हते. तिने ते काढले होते. आणि त्यानंतर तिच्या वहीत खोडाखोड असे, पण सरासरीने झाकलेला आकडा पुन्हा कधी दिसला नाही. शोधनिबंधांच्या संख्येत याची नोंद कुठेच होत नाही. माझ्या लेखी मात्र त्या वर्षी आमच्या विद्यापीठाने केलेल्या उत्तम कामांपैकी ते एक होते.

याला लागणारी साधने काय होती, हेही लक्षात घ्यावे. विद्युतवाहकता मोजण्याचे एक साधे उपकरण, काचेच्या बाटल्या, अचूक तराजू, ऊर्ध्वपातित पाणी आणि वही वाचायला वेळ असलेला शिक्षक. यातील पहिल्या चार गोष्टी बहुतेक अनुदानित महाविद्यालयांत आहेत. पाचवी दुर्मीळ झाली आहे, आणि त्याची कारणे शिक्षकाच्या आळसात शोधणे अन्यायाचे होईल. राज्यभर वरिष्ठ महाविद्यालयांतील कितीतरी मंजूर पदे वर्षानुवर्षे रिक्त आहेत, आणि ते अध्यापन तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांवर चालते. ज्याला शिकवलेल्या तासाचे तेवढे मानधन मिळते, तेही कित्येक महिन्यांनी, ज्याची नेमणूक दर सत्रात नव्याने होते, आणि जो सकाळी एका गावात आणि दुपारी दुसऱ्या गावात तास घेतो, त्याच्याकडून वैशाखात विद्यार्थिनीबरोबर विहिरीवर जाण्याची अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? नेट-सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा उत्तीर्ण, पीएच.डी. झालेली, विषयावर मनापासून प्रेम असलेली माणसे या अवस्थेत चाळिशी ओलांडतात. विद्यापीठाच्या उत्कृष्टतेविषयी बोलताना पायाभूत सुविधांवर तासभर आणि या गोष्टीवर दोन मिनिटे खर्च होतात, याचे मला दुःख आहे. शिक्षकाची कायम, निर्मळ पद्धतीने झालेली, देवाणघेवाणीशिवायची नेमणूक ही उत्कृष्टतेची पहिली अट आहे, आणि ती पूर्ण न करता केलेले बाकी सगळे खर्च वाया जातात.

आता खेड्यापाड्यांच्या मुलखाचा प्रश्न. उत्कृष्ट विद्यापीठासाठी महानगर लागते हा समज जगाच्या इतिहासात टिकत नाही. जर्मनीतील ग्योटिंगेन हे लहानसे गाव. गाउस आणि पुढे हिल्बर्ट यांच्यामुळे जगभरचे गणिती तिथे जाऊन राहत. नेदरलँड्समधील वागेनिंगेन हे छोटे शहर शेतीच्या अभ्यासासाठी जगात नावाजलेले आहे. अमेरिकेत 1862 च्या मॉरिल कायद्याने प्रत्येक राज्याला विद्यापीठासाठी जमीन दिली, 1887 मध्ये प्रयोग केंद्रांना आणि 1914 मध्ये विस्तार सेवेला कायद्याने पैसा दिला, आणि शेतकऱ्याच्या बांधावरचे प्रश्न प्रयोगशाळेत आणि तिथली उत्तरे पुन्हा बांधावर नेण्याची व्यवस्था केली. आपली कृषी विद्यापीठे, 1969 मध्ये अकोल्याला स्थापन झालेले डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाचे विद्यापीठसुद्धा, याच नमुन्यावर उभी राहिली.

त्या व्यवस्थेतून काय निघते याचे एक उदाहरण आपल्या रोजच्या व्यवहारातले आहे. दूध संकलन केंद्रावर फॅट लावतात आणि त्यावर भाव ठरतो. पूर्वी दुधाचा भाव नुसत्या मापावर मिळे, त्यामुळे पाणी घालणाऱ्याचा फायदा आणि चांगली गाय पाळणाऱ्याचा तोटा होई. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या शेती प्रयोग केंद्रातील रसायनशास्त्रज्ञ स्टीफन बॅबकॉक यांनी 1890 मध्ये यावर एक तपासणी काढली. ठरावीक दुधात जवळजवळ तितकेच तीव्र गंधकाम्ल मिसळायचे, त्याने प्रथिने विरघळतात आणि स्निग्धांश सुटा होतो. बाटली चक्रात फिरवली की तो अरुंद मानेत वर येतो, आणि मानेवरच्या खुणांवरून टक्केवारी वाचता येते. गावातल्या डेअरीत शिकवून ठेवलेला कोणीही ती करू शकत असे. बॅबकॉक यांनी तिचे पेटंट घेतले नाही. आपल्याकडे पुढे रूढ झाली ती गर्बर यांची पद्धत, पण तत्त्व तेच, गंधकाम्ल आणि चक्र. गवळ्यांच्या तंट्यावर एका विद्यापीठाने रसायनशास्त्राने उत्तर दिले, आणि ते उत्तर जगभर चालले. बांधावरचा प्रश्न हा खालच्या दर्जाचा प्रश्न असतो, असा एक गैरसमज आपल्या प्राध्यापकवर्गात आहे. तो सोडण्यासाठी हे एक उदाहरण पुरेसे व्हावे.

गडचिरोलीत याहून जवळचे उदाहरण आहे, जरी ते विद्यापीठाच्या बाहेर घडले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 पासून तेथे काम सुरू केले. राणी बंग यांनी दोन खेड्यांतील साडेसहाशे स्त्रियांची तपासणी करून त्यांच्यातील स्त्रीरोगांचे प्रमाण 1989 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडले; त्या स्त्रियांपैकी 92 टक्क्यांना कोणता ना कोणता विकार होता, आणि तोपर्यंत ग्रामीण स्त्रीच्या या दुखण्याकडे जगातील आरोग्यधोरणांचे पुरेसे लक्ष नव्हते. पुढे नवजात बालकांची घरीच काळजी घेण्याचा त्यांचा प्रयोग 1999 मध्ये त्याच नियतकालिकात आला. एकोणचाळीस गावांत गावातल्याच स्त्रियांना शिकवून त्यांच्याकडून हे काम करून घेतले, सत्तेचाळीस गावे तुलनेसाठी ठेवली, आणि प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू मोजला. नवजात मृत्यूचे प्रमाण साठ टक्क्यांहून अधिक घटले. आज आशा कार्यकर्ती बाळंतिणीच्या घरी ठरावीक दिवशी भेट देते, त्या राष्ट्रीय कार्यक्रमाचे मूळ त्या गावांत आहे. यात विद्यापीठांनी शिकण्यासारखे ते मोजणे आहे. सेवा करणाऱ्या संस्था पुष्कळ असतात. आपल्या सेवेने खरोखर फरक पडला का, हे तुलनेची गावे ठेवून तपासणाऱ्या थोड्या. स्थानिक प्रश्न घ्यावा आणि पुराव्याची कसोटी मात्र जगातली कठोरात कठोर लावावी, ही जोडी जिथे जमते तिथे आडगावसुद्धा ज्ञानाचे केंद्र होते.

असे प्रश्न विदर्भात इतके पडलेले आहेत की माणसे कमी पडावीत. 2017 च्या खरिपात आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. कोणती औषधे एकत्र मिसळली जातात, सेंद्रिय फॉस्फरसवर्गीय विष रक्तातील विकरावर (एन्झाइमवर) काय परिणाम करते आणि तो गावपातळीवर वेळेत कसा ओळखावा, पुरुषभर उंचीच्या कपाशीत फवारा अंगावर कसा येतो, मजूर मुखपट्टी का वापरत नाही, दुकानदाराच्या सल्ल्यावर शेतकरी का विसंबतो, यात रसायनशास्त्र, वैद्यक, कृषी, अर्थशास्त्र आणि समाजशास्त्र या सगळ्यांचे काम आहे. उत्कृष्ट विद्यापीठात या पाच विभागांचे लोक त्याच हंगामात एका टेबलाभोवती बसतील. आपल्याकडे ते विभाग वेगवेगळ्या विद्यापीठांत, वेगवेगळ्या मंत्रालयांखाली वाटले गेले आहेत, आणि त्यांना एकत्र आणणारी यंत्रणा बहुतेक वेळा एका परिसंवादापुरती असते.

भाषांचेही तसेच आहे, आणि माझा विषय नसूनही याविषयी मला राहवत नाही. मेळघाटातली कोरकू ही मुंडा गटातली, म्हणजे तिची भावंडे झारखंड-ओडिशाकडे आहेत. गडचिरोलीची गोंडी-माडिया आणि यवतमाळकडची कोलामी या द्राविडी कुळातल्या. मराठी आणि वऱ्हाडी-झाडीबोली ही तिची रूपे आर्यभाषांपैकी. आणि बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोद परिसरात बोलली जाणारी निहाली ही अशी भाषा आहे की तिचे नाते जगातल्या कोणत्याही भाषाकुळाशी निश्चितपणे जुळवता आलेले नाही. बोलणारे उरले आहेत अवघे काही हजार. दूरदूरचे भाषाशास्त्रज्ञ जिच्यासाठी इथवर येतात, त्या भाषेच्या पट्ट्यातील एखाद्या महाविद्यालयात ध्वनिमुद्रण करून, शब्दसूची करून, त्या समाजातल्याच मुलामुलींना भाषाशास्त्र शिकवून काम उभे राहिले, तर त्या कामाची बरोबरी कोणत्याही राजधानीतील विभागाला करता येणार नाही. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आहे. महानुभाव पंथाच्या आद्य मराठी गद्याच्या भूमीत ते आले हे योग्यच झाले. त्याने या शेजारणींनाही आपल्या अभ्यासात घ्यावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

परीक्षेविषयी थोडक्यात लिहितो, कारण तिच्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. प्रश्नपत्रिकेत ‘टिपा लिहा’ आणि ‘सविस्तर लिहा’ एवढेच असेल, आणि एका परीक्षकाकडे दिवसाला उत्तरपत्रिकांचे गठ्ठेच्या गठ्ठे येत असतील, तर मुले गाईड पाठ करतील. त्यांना दोष देता येत नाही. उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागता येते आणि पुनर्मूल्यांकन होते ही सोय चांगली आहे, पण विद्यार्थी ती गुण वाढवण्यासाठी मागतो, आपले कुठे चुकले हे कळावे म्हणून मागत नाही, कारण समासात काही लिहिलेलेच नसते. ऑक्सफर्ड-केंब्रिजचे वैभव सगळे सांगतात. तिथली जी गोष्ट आपल्याला परवडण्यासारखी आहे ती अशी की विद्यार्थी ठरावीक दिवसांनी निबंध लिहून आणतो, एक-दोघांच्या बैठकीत शिक्षकासमोर तो मांडतो आणि शिक्षक त्यातील विधाने एकेक करून तपासतो. साठ मुलांच्या वर्गात हे आठवड्याला शक्य नाही. सत्रातून दोनदा, पाच-पाच मुलांच्या गटात, मराठीत का होईना, ते शक्य आहे, आणि काही शिक्षक कोणताही आदेश नसताना ते करतात.

स्वातंत्र्याबद्दलही बोलले पाहिजे. ग्योटिंगेनचा उल्लेख वर आला. तिथे शंभर-सव्वाशे वर्षांत जे उभे राहिले होते, ते 1933 मध्ये नाझी राजवटीने ज्यू अध्यापकांना काढून टाकताच काही महिन्यांत मोडले. एमी नोएटर, रिचर्ड कुरांट, माक्स बोर्न, जेम्स फ्रांक यांना जावे लागले, आणि इमारती, ग्रंथालय, जागा सगळे जिथल्या तिथे असून ते गणिताचे माहेरघर राहिले नाही. आपल्याकडे इतके टोकाचे काही नाही, पण नेमणुकीत जात, नाते आणि पक्ष पाहिला जातो, अभ्यास मंडळावर विषयाऐवजी गटाचा विचार होतो, संस्थाचालकांना न रुचणारा प्रश्न प्राध्यापक विचारत नाही, तेव्हा विद्यापीठाची हानी त्याच दिशेने होत असते. महाराष्ट्राच्या 2016 च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने अधिसभा, व्यवस्थापन परिषद, विद्या परिषद यांची रचना ठरवून दिली आहे. त्या रचनेत चांगले काम होऊ शकते, मी ते होताना पाहिले आहे. ते तेव्हाच झाले जेव्हा बैठकीत कोणीतरी उभे राहून नम्रपणे, पण आकडे पुढे ठेवून, विरोध केला आणि अध्यक्षांनी तो ऐकून घेतला.

लांबच्या महाविद्यालयावर मी भर दिला, त्याचे कारण आमच्या भागाचा भूगोल आहे. धारणीहून अमरावती सुमारे दीडशे किलोमीटर आहे, सिरोंच्याहून गडचिरोली दोनशेच्या आसपास. तिथल्या मुलीला विद्यापीठ म्हणजे तिचे महाविद्यालय, आणि महाविद्यालय म्हणजे प्रत्यक्षात एसटीचे वेळापत्रक. विज्ञानाची प्रात्यक्षिके दुपारी ठेवण्याची पद्धत आहे, आणि खेड्यावरच्या मुली शेवटची गाडी पकडण्यासाठी प्रयोग अर्धवट टाकून तीनलाच निघतात. निरीक्षणे मग शेजारच्या मुलाच्या वहीतून उतरवली जातात, आणि तीन वर्षांनी त्या मुलीच्या हाती अशी पदवी येते की तिने स्वतः एकही अनुमापन (टायट्रेशन) शेवटपर्यंत केलेले नसते. एका तालुक्याच्या महाविद्यालयात मी असे पाहिले की विभागप्रमुखांनी आगाराकडून गाड्यांच्या वेळा मागवून त्याप्रमाणे तुकड्या पाडल्या होत्या. बाहेरगावच्या मुलींची प्रात्यक्षिके सकाळी आठला, गावातल्या मुलांची दुपारी. फळ्याशेजारी गाड्यांच्या वेळांचा कागद चिकटवलेला होता. मूल्यांकनाच्या कोणत्याही तक्त्यात यासाठी रकाना नाही, पण त्या महाविद्यालयातील मुलींना पिपेट धरता येत होती, शेवटचा थेंब कुठे थांबवायचा हे कळत होते. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, विद्यार्थ्यांकडे तिथली कुटुंबे सोपवली जातात आणि पहिल्याच वर्षी त्यांना त्या गावात राहावे लागते. दोन्हीकडे विचार एकच आहे, की शिकणारा ज्या जागी आहे ती जागा अभ्यासक्रमाने ओळखली पाहिजे.

आता आपल्या मुलीविषयी. पुणे-मुंबई येथील चांगल्या विभागांत प्रवेश मिळत असेल, वसतिगृह मिळत असेल आणि खर्च झेपत असेल, तर पाठवण्यात काहीच गैर नाही. तिथली ग्रंथालये, प्रयोगशाळा आणि सोबतचे हुशार विद्यार्थी यांचा फायदा खरा आहे. पण केवळ शहराचे नाव पाहून, शहराच्या कडेच्या एखाद्या नावापुरत्या महाविद्यालयात, भाड्याच्या खोलीत तिला ठेवण्यापेक्षा, जिल्ह्यातल्या जागत्या विभागात पदवी आणि मग सामायिक प्रवेश परीक्षा देऊन देशातल्या उत्तम विभागात पदव्युत्तर, हा मार्ग मला अधिक भक्कम वाटतो. आमच्या अनेक विद्यार्थ्यांनी तो यशस्वीपणे चोखाळला आहे. तोही प्रत्येकीला जमतो असे नाही. घरची ओढ, लग्नाची घाई आणि इंग्रजीची धास्ती यांतून वाट काढावी लागते, आणि त्यात वडिलांचा आधार फार मोलाचा असतो.

विभाग जागता आहे की नाही, हे पाहण्यासाठी प्रवेशाची फेरी सुरू होण्यापूर्वी, सुट्टी नसलेल्या एखाद्या दिवशी दुपारी दोनच्या सुमारास तिला घेऊन त्या महाविद्यालयात जावे. ग्रंथालयात विषयाची दोन-तीन जाडी संदर्भपुस्तके मागावीत आणि शेवटच्या पानावरच्या चिठ्ठीवर ती अलीकडे कोणी नेली होती का हे पाहावे. प्रयोगशाळेत रसायनांच्या बाटल्यांवर कोणत्या वर्षाचे लेबल आहे, बेसिनला पाणी येते का, तराजूवर धूळ आहे का, हे बघितले तरी पुष्कळ कळते. तिथे एखादी विद्यार्थिनी भेटली तर तिची प्रात्यक्षिकाची वही विनंती करून पाहावी. प्रत्येक पानावर नुसती सही आणि तारीख आहे, की कुठे लाल शाईत प्रश्न लिहिलेले आहेत, यात फार फरक असतो. विभागात कायम शिक्षक किती हे विचारायला संकोच करू नये, तो आपला हक्क आहे. मुलींचे वसतिगृह आणि शिष्यवृत्तीचे अर्ज कोण पाहते, तेही विचारावे. मग विभागातल्या एखाद्या प्राध्यापकांना भेटून, ‘सर, आपण सध्या कशावर काम करता?’ असे तिला विचारू द्यावे. उत्तर देताना ते तिला कितपत समजते आहे याकडे त्यांचे लक्ष असेल, आणि ते तिला उलट एखादा प्रश्न विचारतील, तर तिथे प्रवेश घ्यायला हरकत नाही. ही बोलणी तिची तिलाच करू द्यावीत. आपण थोडे बाजूला थांबावे.